घासू नका, भिजू द्या

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा प्रसंग ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, बाईंना एवढंही कळू नये?

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. सकाळी पेपर तपासायचे होते, दुपारी पाहुणे यायचे होते आणि मधल्या तासाभरात बाथरूम धुवायचं होतं. टाइल्सवर पांढरे थर, कोपऱ्यात काळी बुरशी. आठवडाभर डोंबिवली ते दादर उभ्याने ये-जा केल्यावर घासायला हातात जोर उरतो कुठे? मी ॲसिड ओतलं आणि ते धुऊन टाकायच्या आधीच वरून ब्लीचिंग पावडर भुरभुरली. दोन औषधं म्हणजे दुप्पट गुण, असा माझा हिशोब! अर्ध्या मिनिटात घसा आवळला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारच्या खोलीत पडलेल्या सासूबाई खोकायला लागल्या. त्यांना दम्याचा त्रास आहे. तशातही त्या ओरडल्या, "अगं, आधी बाहेर ये! जळू दे ते बाथरूम!" दार ओढून घेतलं, खिडक्या उघडल्या आणि आम्ही दोघी खाली आवारात जाऊन बसलो. त्यांची धाप संध्याकाळपर्यंत कमी होईना. शेवटी डॉक्टरांकडे न्यावं लागलं.

झालं होतं काय? बाथरूमसाठी मिळणारं ॲसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल. ते ब्लीचिंग पावडरला किंवा बाटलीतल्या पातळ ब्लीचला भेटलं की क्लोरिन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ शत्रूवर सोडला तो हाच वायू. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली साचतो, म्हणजे उकिडवं बसून फरशी घासणाऱ्याच्या नाकाशीच. दर वर्षी मी हे वर्गात सांगते. घरी, घाईत, विसरले. तुमच्याकडे असं कधी झालंच तर पाणी ओतत बसू नका. आधी बाहेर पडा, घरातल्यांना बाहेर काढा.

मग मी विचार करायला लागले, की आपली घाई चुकते कुठे? हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली एक साधा हिशोब मांडला. स्वच्छता चार गोष्टींनी होते: रसायन, उष्णता, घासणं आणि वेळ. एक कमी केली तर बाकीच्यांतली एखादी वाढवावी लागते. आपल्याजवळ वेळ नसतो म्हणून आपण जोर लावतो, नाहीतर औषध वाढवतो. पण गंमत अशी, की इथे लागणारा वेळ आपला नसतोच, डागाचा असतो. कढई भिजत असताना आपण लोकलमध्ये असलो तरी तिचं काही अडत नाही.

हे मी मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही कढई भिजत घालूनच शेतावर जायचो. तुला ते जर्मन माणसाने सांगावं लागलं?"

असो. आता चहाचं आधण ठेवताना मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवते, त्यात फडकं बुडवून शेगडीमागच्या तेलकट टाइल्सवर चिकटवते. चहा पिऊन होईपर्यंत तेलाचा चिकटा सुटलेला असतो, एक हात फिरवला की झालं. ॲल्युमिनियमची भांडी मात्र सोड्यापासून लांब ठेवा, काळी पडतात. बोअरच्या पाण्याने नळावर येणारा पांढरा थर हा चुन्याचा असतो. तो आम्लाने जातो. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं रात्रीच्या बातम्या संपेपर्यंत नळाला गुंडाळून ठेवते आणि मग पाण्याने धुते. पण शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा आणि संगमरवर यांना आम्ल लावू नका, लिंबूसुद्धा नको. तो दगडच चुन्याचा, डागाबरोबर त्याची चकाकीही जाईल. व्हिनेगरची ब्लीचशी गाठ घालायची नाही, तिथेही तोच वायू सुटतो.

हल्ली मोबाइलवर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवणारे फार दिसतात. फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि डाग हसत राहतो. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत.

पंखे आणि माळे नवऱ्याकडे दिलेत. अट एकच, झाडू मारायच्या आधी पुसायचे. पूर्वी ते नंतर पुसले जायचे आणि घर दोनदा झाडावं लागायचं.

ॲसिडची बाटली आता घरात येत नाही. बुरशीवर पातळ केलेलं ब्लीच लावते, तेही एकटंच, खिडकी उघडून आणि सासूबाईंना शेजारच्या वहिनींकडे बसवून. त्या जातात, पण जायच्या आधी बाथरूमच्या दाराशी उभ्या राहून माझ्या हातात कोणती बाटली आहे ते वाचून घेतात.