डार्थ व्हेडरचं अप्रेझल

अप्रेझलचं लेटर हातात पडलं की लोक काय करतात? कुणी पार्टी देतं, कुणी गुपचूप बायोडेटा अपडेट करतं. मी पुण्याहून लांज्याची एसटी पकडली. ज्याला मी काम शिकवलं, तोच पोरगा आता माझा बॉस झाला होता आणि हे घरी सांगायची हिंमत नव्हती. सॅकमध्ये दोन टीशर्ट आणि एक कॉमिक्स. हीरो, सॉरी, व्हिलन : डार्थ व्हेडर.

काळा मुखवटा, काळा झगा आणि तो घरघरणारा श्वास. 1977च्या ‘स्टार वॉर्स’पासून जगाला घाबरवणारा हा गडी. मार्व्हलने 2015मध्ये खास त्याच्या नावाने कॉमिक्स काढलं. लेखक किरॉन गिलेन, चित्रकार साल्वादोर लारोका. 2016पर्यंत 25 अंक निघाले. त्यातल्या पहिल्या 6 अंकांचं पुस्तक माझ्याकडे होतं.

पहिला सिनेमा संपतो, त्यानंतर ही गोष्ट सुरू होते. लहानशा चंद्राएवढा डेथ स्टार बंडखोरांच्या एका पोराने उडवलाय. खापर फुटतं व्हेडरच्या डोक्यावर. सम्राट त्याला झाडतो आणि टॅग नावाच्या जनरलच्या हाताखाली टाकतो. टॅग म्हणजे शिस्त, हिशेब, अहवाल. वर व्हेडरवर नजर ठेवायला एक अधिकारी. आणि कहर म्हणजे, त्याची जागा घेऊ शकतील असे उमेदवार आधीच तयार केले जातायत! काय मंडळी, ओळखीचं वाटतंय ना?

घरी पोचलो तर बाबा पडवीत हाताला तेल लावून फणसाचे गरे काढत बसलेले. दुपारी हात धुऊन त्यांनी ते पुस्तक उचललं. बाबा जुने कॉमिक्सवाले. टाइम्सची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ 1964 साली सुरू झाली, ती मराठीतही यायची. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही त्यांची दोस्तमंडळी.

‘‘हा त्या मिंगचा कोण?’’ त्यांनी मुखवट्यावर बोट ठेवलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. जॉर्ज ल्यूकसला आधी ‘फ्लॅश गॉर्डन’वरच सिनेमा करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्याने स्वतःचं विश्व रचलं. म्हणजे क्रूर सम्राट मिंग या घराण्याचा आजोबाच की!

इंग्रजी फुगे सोडून बाबा नुसती चित्रं वाचत होते. व्हेडरला चेहरा नाही. सिनेमात निदान आवाज तरी आहे, कागदावर तोही नाही. लारोका तोच मुखवटा पुन:पुन्हा काढतो आणि राग, अपमान आपल्याला आपोआप दिसायला लागतो. सहाव्या अंकात बोबा फेट त्या बंडखोर पोराचं आडनाव सांगतो : स्कायवॉकर. व्हेडर खिडकीशी उभा. हूं की चूं नाही. फक्त काच तडकते.

‘‘नाव ओळखीचं दिसतंय,’’ बाबा म्हणाले.

‘‘मुलाचं आहे. इतकी वर्षं मेला म्हणून धरून चालला होता.’’

बाबांनी पुस्तक मिटलं. ‘‘आणि तुझं काय तडकलंय? आल्यापासून गप्प आहेस.’’

सांगितलं मग सगळं. मला वाटलं, आता लेक्चर. पण बाबा म्हणाले, ‘‘माझा सीआर दोनदा खराब गेला होता. धाकटे पुढे गेले, मी त्याच टेबलावर.’’

सीआर, म्हणजे सरकारी नोकरीतला गोपनीय अहवाल. बाबांचं अप्रेझल!

‘‘कधी बोलला नाहीत?’’

‘‘तू दहावीला होतास. कशाला सांगायचं?’’

मला ते वर्ष आठवलं. बाबा रात्री उशिरापर्यंत पडवीत बसायचे. मला वाटायचं, माझ्या मार्कांवर चिडलेत. मी त्यांच्यापासून लपवलं, त्यांनी माझ्यापासून. मुखवटे दोन्हीकडे होते, फक्त झगे नव्हते.

सोमवारी ऑफिसात हजर झालो. काहीही बदललं नव्हतं. पण नव्या बॉसला सकाळी हसून गुड मॉर्निंग म्हणता आलं. पंचविसाव्या अंकात व्हेडर टॅगचा निकाल लावतो, पण तो उपाय एचआरला चालणार नाही.

परवा बाबांचा फोन आला. ‘‘काय रे, तो टॅग आहे का अजून?’’

कॉमिक्समधला की ऑफिसातला, हे मी विचारलं नाही. म्हटलं, ‘‘आहे. पुढचा भाग घेऊन गणपतीला येतो.’’