अनवाणी रियूची वाटचाल

स्पर्धा संपलेली असते. बक्षीस समारंभ सुरू असतो, पण चौथऱ्यावर पहिल्या क्रमांकाची जागा रिकामी असते. जिंकलेला माणूस तिथे थांबलेलाच नाही, तो मावळत्या सूर्याच्या दिशेने चालू लागला आहे. १९९१ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये रियूला घेऊन शेवटपर्यंत पोहोचलं की पडद्यावर हे दृश्य दिसतं. पांढरा कराटेचा पोशाख, कपाळाला पट्टी, पायांत काही नाही. व्हिडिओ गेमच्या इतिहासात यापेक्षा भडक, यापेक्षा बोलके नायक ढिगाने होऊन गेले. तरी फायटिंग गेम म्हटलं की आजही आधी आठवतो तो हाच अबोल गडी.

पडद्यावरचं कराटे त्याच्याही आधीचं. १९८४ साली जपानच्या टेक्नोस कंपनीने बनवलेला ‘कराटे चॅम्प’ आला. त्यात बटणं नव्हतीच. प्रत्येक खेळाडूच्या हातात दोन दांडे, आणि दोन्ही कुठल्या दिशेला ढकलले यावरून ठोसा किंवा लाथ ठरे. पंच उभा असे आणि नेमका वार बसला की गुण मिळे. दोजोमधल्या, म्हणजे कराटेच्या आखाड्यातल्या, सामन्याची ती प्रामाणिक नक्कल होती. पण त्यातल्या लढवय्यांना भूतकाळ नव्हता, त्यांची ओळख फक्त पांढऱ्या आणि लाल पोशाखापुरती होती.

कॅपकॉममध्ये काम करणाऱ्या ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो यांनी १९८७ साली पहिला ‘स्ट्रीट फायटर’ काढला. रियू हे नाव ज्या चित्रलिपीतल्या अक्षराने लिहितात, तेच अक्षर निशियामांच्या ‘ताकाशी’त आहे, फक्त उच्चार वेगळा. त्या पहिल्या अवतारातला रियू मात्र आज ओळखू येणार नाही. केस तांबडे, पायांत लाल सपाता. दुसऱ्या खेळाडूने नाणं टाकलं की केन नावाचा लढवय्या समोर यायचा आणि त्याचे डावपेच हुबेहूब रियूचेच. त्या यंत्राच्या मोठ्या आवृत्तीत बटणांऐवजी रबरी गाद्या होत्या. जितक्या जोराने गादीवर हात मारावा तितका पडद्यावरचा ठोसा जबर. हात दुखायचे आणि यंत्रंही खिळखिळी व्हायची. त्यामुळे सहा बटणांची मांडणी पुढे आली आणि तीच या खेळप्रकाराची ओळख होऊन बसली.

रियूची मुळं शोधू लागलं की मासुतात्सु ओयामा हे नाव वारंवार समोर येतं. १९२३ साली कोरियात जन्मलेल्या या माणसाने जपानमध्ये क्योकुशिन कराटेची स्थापना केली. डोंगरात एकट्याने केलेली साधना आणि बैलांशी घेतलेली झुंज यांच्या कथांनी ओयामा हयातीतच दंतकथा बनले. १९७१पासून त्यांच्या आयुष्यावर ‘कराटे बाका इचिदाई’ ही चित्रकथा निघाली आणि जपानी मुलांची एक पिढी ती वाचत मोठी झाली. गावोगाव हिंडून स्वतःपेक्षा बलवान प्रतिस्पर्धी शोधणारा, पैसा आणि मान यांच्याकडे पाठ फिरवणारा लढवय्या ही कल्पना त्या वातावरणातली. हादोकेनचं, म्हणजे रियूच्या तळव्यांतून सुटणाऱ्या गोळ्याचं, मूळ मात्र कुठल्याही दोजोत नाही. ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ या सत्तरच्या दशकातल्या कार्टून मालिकेत जहाजाच्या नाकाडातून सुटणारी ‘हादोहो’ तोफ होती, तिच्यावरून ही कल्पना सुचल्याचं निशियामांनी स्वतः सांगितलं आहे.

आणि इथेच रियूचा खरा वारसा सुरू होतो. दांडा खाली, मग तिरका, मग पुढे आणि त्याच क्षणी ठोसा. एवढं जमलं की दोन तळव्यांमधून निळा गोळा सुटतो. पहिल्या खेळात ही चावी गुपित होती आणि हाताला सहजासहजी लागत नसे. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांच्या चमूने ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये ती सुकर केली. लांबून हादोकेन सोडायचा. समोरचा तो चुकवायला उडी मारणार. तो हवेत असतानाच शोर्युकेनने, म्हणजे उसळी घेत मारलेल्या ठोशाने, त्याला खाली आणायचं. त्याने उडी मारलीच नाही तर गोळ्यामागून गोळा. अंतर राखणं, उडीचा मोह पाडणं, उडी पकडणं, हे सगळं त्या दोन डावांत आलं. आजही नवा खेळ बनवणारे आधी असा एक साधा, सर्वांगीण लढवय्या उभा करतात आणि बाकीच्यांना त्याच्या मापाने घडवतात. इंग्रजी खेळाडू अशांना ‘शोटो’ म्हणतात. अमेरिकेत रियूच्या कराटेला शोटोकान हे नाव चिकटलं, त्याचा हा लघुरूप अवशेष.

मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्येही नव्वदच्या दशकात ही मनगटाची कला एकाकडून दुसऱ्याकडे गेली. टोकन संपलेली पोरं मागे उभी राहून खेळणाऱ्याचा डावा हात बघत बसत. गोंगाटात हादोकेन सोडतानाच्या रियूच्या आरोळीचे शब्द कोणाला नीट कळत नसत, प्रत्येकाचा उच्चार निराळा. हाताची हालचाल मात्र सगळ्यांची एकच.

गोष्ट म्हणून पाहिलं तर रियूचं चरित्र योजून लिहिलेलं नाही, ते अपघातांनी वाढत गेलं. जिंकल्यावर तो जपानीत म्हणतो की शोर्युकेन मोडून काढता येत नाही तोवर तुला आशा नाही. भाषांतरात शोर्युकेनची चिनी उच्चाराने ‘शेंग लाँग’ अशी व्यक्ती झाली! मग हा शेंग लाँग कोण, या प्रश्नाने मुलं हैराण झाली. १९९२च्या एप्रिल अंकात एका अमेरिकी मासिकाने थट्टा म्हणून तो लपलेला गुरू असल्याचं छापलं आणि बातमी जगभर खरी मानली गेली. रियूचे खरे गुरू गोकेन. १९९४ साली त्यांचा भाऊ अकुमा, जपानीत गोकी, खेळात अवतरला आणि ‘स्ट्रीट फायटर ४’मध्ये खुद्द गोकेनही मैदानात उतरले.

थायलंडच्या सागातच्या छातीवरचा व्रण हाही असाच. पहिल्या खेळात रियू त्याला हरवतो एवढंच होतं. पुढच्या खेळांनी सांगितलं की हरत आलेल्या रियूच्या आत मारण्याची वासना उसळली आणि त्या ठोशाने सागातची छाती फाटली. विजय मिळाला, पण तो आपला होता का, हे रियूला कळेना. मालिकेतला सगळ्यात सकस धागा हाच आहे. एरवी पोकळ वाटला असता असा नायक त्या एका व्रणामुळे माणूस झाला. पुढे २०१६च्या ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये तो त्या वासनेवर मात करतो, म्हणजे कथेला जवळजवळ तीस वर्षं लागली.

निशियामा मधल्या काळात एसएनके कंपनीत गेले होते. तिथून १९९२ साली आलेल्या ‘आर्ट ऑफ फायटिंग’चा नायक ऱ्यो साकाझाकी रियूच्या फार जवळचा दिसत होता. त्याची खिल्ली म्हणून कॅपकॉमने १९९५च्या ‘स्ट्रीट फायटर अल्फा’त गुलाबी पोशाखातला डॅन आणला, ज्याचा हादोकेनसारखा गोळा हातभरही जात नाही. हे उत्तर खेळातलं होतं. कोर्टात मात्र कॅपकॉमला यश आलं नाही. ‘फायटर्स हिस्टरी’ या खेळात आपली नक्कल झाली म्हणून तिने डेटा ईस्ट कंपनीला अमेरिकेत कोर्टात खेचलं आणि १९९४ साली न्यायालयाने बंदी नाकारली. गंमत अशी की याच डेटा ईस्टने आधी, आपण बाजारात आणलेल्या ‘कराटे चॅम्प’ची नक्कल झाली म्हणून, एपिक्स कंपनीवर दावा लावला होता आणि १९८८ साली अपिलात ती हरली होती. कराटेचे पवित्रे कोणाच्या मालकीचे नाहीत, हा निकाल तिला सहा वर्षांनी कामी आला.

जपानी खेळाडू दायगो उमेहाराने २००९ आणि २०१० साली अमेरिकेतली इव्हो स्पर्धा रियूला घेऊनच जिंकली. २०१५ साली रियू निन्टेन्डोच्या ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये पाहुणा म्हणून आला, तेव्हाही आपली जुनी चावी सोबत घेऊनच. २०२३च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये त्याला दाढी आली आहे, अंगावर भिक्षूसारखं वस्त्र आहे, आणि नवखा खेळाडू त्याचा शिष्य होऊ शकतो. या खेळात एका बटणावर हादोकेन सुटण्याची सोय आहे. मात्र तसा सोडलेला हादोकेन २० टक्के कमी इजा करतो. पूर्ण ताकद हवी असेल तर आजही दांडा खाली, तिरका, पुढे.