टपालाची निवड

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस निवडणें म्हणजे काय हें सांगावयास नको. पसरलेल्या लाल मिरचींतून डागी माल हातानें वेगळा काढावा लागतो. घाई केली तर चांगला मालहि त्याबरोबर जातो. हल्ली शाळा, बँका, सहकारी संस्था यांच्या ई-मेलच्या टपालासहि अशाच निवडीची जरूर पडते.

निरुपयोगी जाहिराती व फसवीं पत्रें यांस ‘स्पॅम’ म्हणतात. १९७८ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील एका संगणक-कंपनीच्या अधिकाऱ्यानें सुमारें ४०० जणांस एकदम जाहिरात धाडली. ह्या उपद्रवाचा आरंभ तोच मानतात.

निवड करणारें यंत्र दोन प्रश्न विचारतें. पहिला, पत्र धाडणारा खरा कोण? संस्थेच्या नांवानें पत्रें पाठविणाऱ्या यंत्रांची जाहीर यादी ती ‘एसपीएफ’; पत्रावरील अदृश्य मोहोर ती ‘डीकेआयएम’; आणि दोहोंपैकीं एकहि न जुळल्यास पत्राचें काय करावें, ही सूचना म्हणजे ‘डीमार्क’. दुसरा प्रश्न, पत्रांत आहे काय? येथें १८ व्या शतकांतील इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ याचें संभवगणित उपयोगी पडतें. पूर्वीच्या बऱ्यावाईट पत्रांत कोणते शब्द किती वेळां आले, ह्यावरून नव्या पत्राविषयीं अंदाज बांधतात. ‘स्पॅमअसॅसिन’ ह्या मोफत साधनांत प्रत्येक लक्षणास गुण असून, मूळ मांडणीप्रमाणें बेरीज ५ झाली कीं पत्र संशयित ठरतें.

हा आंकडा खालीं आणला कीं जाहिराती थांबतात खऱ्या. पण चांगलीं पत्रेंहि अडकूं लागतात. समजा, धडगांवच्या डोंगरांतील एखाद्या विद्यार्थ्यानें शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजास धाडला. पत्ता अनोळखी, मजकूर दोन ओळींचा, सोबत जोडपत्र. यंत्रास हीं सारीं संशयाचींच लक्षणें! तें परस्पर नष्ट झालें तर मुदत निघून जाईल, आणि मुलास कारणहि कळणार नाहीं. एक जाहिरात आंत आली तर क्षणभर त्रास. असें एक पत्र हरवलें तर वर्ष वायां.

यास्तव व्यवस्थापकांनीं प्रथम कांहीं आठवडे संशयित पत्रांवर केवळ खूण करावी, तीं अडवूं नयेत. नंतर तीं निराळ्या कप्प्यांत ठेवावींत, व तो कप्पा एका जबाबदार माणसानें रोज उघडून पाहावा. चुकून अडकलेलें पत्र सोडवून, तें चांगलें होतें हें यंत्रासहि शिकवावें. सुपांतलें फोलपट टाकण्यापूर्वीं त्यांत दाणा तर गेला नाहीं ना, हें आपल्या घरची गृहिणीहि पाहतेच.