सशांचा वारसा

प्रतिकारशक्ती दोन प्रकारची असते. एक अनुभवाने शिकते, दुसरी जन्मतःच सिद्ध असते. या उपजत शक्तीचे पहारेकरी म्हणजे पेशींतील ग्राही प्रथिने. जंतूंच्या ठरावीक खुणा ती ओळखतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर इंटरफेरॉन स्रवते. या यंत्रणेची जनुके कशी बदलतात, याची साक्ष सशांनी दिली आहे.

ऑस्ट्रेलियात १८५९ साली सोडलेल्या युरोपीय सशांनी पुढे कुरणेच्या कुरणे फस्त केली. म्हणून १९५० साली त्यांच्यात मिक्सोमा विषाणू मुद्दाम पसरविण्यात आला. दक्षिण अमेरिकेतील रानसशांना त्याची बाधा सौम्य होते. येथे मात्र प्रारंभी रोग जडलेल्या हजार सशांतून जेमतेम दोन वाचत. जे वाचले त्यांचीच संतती वाढली. विषाणूही सौम्य होत गेला, कारण ससा तत्काळ मेला तर डासांमार्फत होणारा प्रसार खुंटतो.

२०१९ साली शास्त्रज्ञांनी संग्रहालयांतील जुन्या सशांची जनुके आजच्या सशांशी ताडून पाहिली. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स व ब्रिटन या तिन्ही देशांत तेच जनुकभेद वाढलेले आढळले. त्यांत इंटरफेरॉनच्या एका जनुकाचाही भेद होता. हे भेद पूर्वजांत आधीपासूनच होते. साथीने त्यांची निवड केली.

कधी पहारेकरी गळतोही. खवल्या मांजराच्या वंशात ‘एमडीए-५’ हा ग्राही निकामी झाला आहे. चीनमधील ट्री श्रू या प्राण्यात ‘रिग-१’ नाही. तेथे ‘एमडीए-५’नेच त्याचे काम उचलले आहे.

निवडीसाठी मुळात भेद असावे लागतात. म्हणून एखाद्या जातीतील वैविध्य आटले, की उद्याच्या साथीतून तरण्याची तिची आशाही क्षीण होते.