मायाबाजारातला राक्षस

रायपूर शहरात पंडरी नावाचा एक भाग आहे. तेथील कापडबाजार सर्व छत्तीसगडात प्रसिद्ध आहे. लग्नसराईच्या खरेदीची तेथली गर्दी पाहिली, की मला एका वेगळ्याच बाजाराची आठवण होते. त्या बाजाराचे निमित्तही लग्नाचेच होते. पण तेथील माल सारा मायेचा होता, आणि बाजार मांडणारा होता एक राक्षस. तो बाजार म्हणजे मायाबाजार, आणि तो राक्षस म्हणजे भीमाचा मुलगा घटोत्कच. अक्राळविक्राळ राक्षस हा चमत्कारांनी आणि झुंजींनी भरलेल्या चित्रपटाचा नायक कसा होऊ शकतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कथेत सापडते.

पंडरीला येणाऱ्या खेडुतांना या कुळाची ओळख मुद्दाम करून द्यावी लागत नाही. छत्तीसगडात महाभारत गाण्याची ‘पंडवानी’ नावाची परंपरा आहे. २०१९ साली पद्मविभूषण झालेल्या तीजनबाई तिच्या सर्वांत विख्यात गायिका. गाता गाता त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात गदा होतो, कारण पंडवानीचा खरा वीर अर्जुन नव्हे, तर भीम आहे. ज्या प्रदेशाने दरबारी धनुर्धरापेक्षा रांगडा, खादाड, रागीट भीम आपला मानला, त्याला हिडिंबेच्या पोटी जन्मलेला भीमपुत्र परका कसा वाटावा?

मायाबाजाराची कथा व्यासांच्या महाभारतात नाही. ती लोकांनी मागाहून रचली. बलरामाची मुलगी अभिमन्यूला द्यायची, असे ठरलेले असते. मराठीत तिला सुरेखा किंवा वत्सला म्हणतात, तेलुगूत शशिरेखा. पांडव द्यूतात राज्य हरतात, आणि बलराम शब्द फिरवून दुर्योधनाच्या मुलाला, लक्ष्मणाला, मुलगी देऊ करतो. आप्तांनी दार लावल्यावर सुभद्रा मुलाला घेऊन अरण्याची वाट धरते, आणि तेथे तिला आधार देतो तो घटोत्कच. तो वधूला आपल्या स्थानी आणवतो, तिचे रूप घेऊन स्वतः मांडवात जातो, वऱ्हाडासाठी मायानगरी उभारतो आणि कौरवांची पुरती फजिती करतो. राजवाड्यातील माणसे वचन मोडतात आणि रानातला राक्षस नाते पाळतो. कथेचे सारे मर्म या उलटापालटीत आहे.

ही गोष्ट चित्रपटाने फार लवकर उचलली. कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांनी १९२१ साली ‘सुरेखा हरण’ हा मूकपट काढला, आणि त्यातूनच व्ही. शांताराम प्रथम पडद्यावर आले. या कथेचा सर्वांत लोकप्रिय चित्रपट मात्र १९५७ सालचा, के. व्ही. रेड्डी यांनी दिग्दर्शित केलेला तेलुगू ‘मायाबाजार’. त्यात एस. व्ही. रंगाराव घटोत्कच झाले होते. लग्नाच्या जेवणावर तो एकटाच बसतो आणि लाडू आपोआप उडून त्याच्या तोंडात जातात, हे दृश्य पाहून अनेक पिढ्या हसल्या आहेत. चित्रपट एका सेकंदाला २४ चित्रे दाखवतो. कॅमेरा मध्येच थांबवून वस्तू किंचित हलवायची आणि पुन्हा चित्र घ्यायचे. किंवा एकाच फितीवर दोनदा चित्रण करायचे. संगणक नसलेल्या त्या काळात मायेची करामत अशाच युक्त्यांवर चाले.

परंतु या चित्रपटातील सर्वांत मोठी करामत कॅमेऱ्याची नाही. वधूच्या रूपातला घटोत्कच नटी सावित्री यांनी उभा केला. नाजूक मुलीची चाल मध्येच दांडगी होते, डोळे वटारले जातात, आणि लगेच ती लाजून मान खाली घालते. एका देहात दोन जीव आहेत, हे केवळ अभिनयाने दिसते. नायक होण्यासाठी राक्षसाला आपले राक्षसपण टाकावे लागत नाही. त्याचा दांडगेपणाच प्रेक्षकांना हवा असतो, फक्त तो दुबळ्याच्या बाजूने उभा राहिला पाहिजे.

हे भासाने फार पूर्वी ओळखले होते. त्याच्या ‘मध्यमव्यायोग’ या एकांकी नाटकात घटोत्कच आईच्या पारण्यासाठी एका ब्राह्मण कुटुंबातील माणूस मागतो. पण आईची आज्ञा आणि आपल्या हातून होणारे पाप यांच्या कात्रीत सापडून तो मनातून कष्टी असतो. ज्याला संकोच वाटतो, तो नुसता राक्षस राहत नाही. पुढे जावाबेटाच्या छायानाट्यात तर तो तारेच्या स्नायूंचा आणि लोखंडी हाडांचा, आकाशात उडणारा लाडका वीर झाला. इंडोनेशियाने १९९५ साली उडवलेल्या आपल्या प्रवासी विमानाला त्याचे नाव दिले, आणि २०२२ साली त्याच्या नावावर आधुनिक साहसपटही निघाला.

आता या कथेची दुसरी बाजू. महाभारतात घटोत्कच पांडवांना खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडतो. युद्धाच्या चौदाव्या रात्री त्याला पुढे केले जाते, आणि अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती कर्णाला त्याच्यावर खर्चावी लागते. मरता मरता तो देह वाढवून कौरवांच्या सैन्यावर कोसळतो. पांडव शोक करतात. कृष्ण मात्र आनंदाने नाचतो, आणि कर्णाने याला मारले नसते तर मलाच मारावे लागले असते, असे म्हणतो. अडचणीत हाक मारायची, खांद्यावर बसायचे, आणि काम झाले की तो आपल्यातला नव्हताच असे ठरवायचे! अशा वागणुकीचा अनुभव केवळ पुराणातल्या राक्षसांनाच येतो असे नाही.

मायाबाजार रचणाऱ्या लोकांनी व्यासांची कथा नाकारली नाही. त्यांनी एवढेच केले, की त्या भयंकर रात्रीच्या आधीचा एक दिवस घटोत्कचाला दिला, आणि त्या दिवशी त्याला घरातला वडील भाऊ म्हणून भावाच्या लग्नात मिरवू दिले. पडद्यावर तो लाडवांचा फडशा पाडताना आपण मनापासून हसतो, तेव्हा त्याला पंक्तीत पान मांडण्याचे राहून गेलेले काम आपणच पुरे करीत असतो.