मिलिटरीतल्या आजोबांचे कागद कसे वाचावेत

वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत "आजोबा मिलिटरीत होते" एवढंच पुढच्या पिढीला ठाऊक असतं. कोणती पलटण, कुठं होते, कधी परतले, हे सांगणारं माणूस आता उरलेलं नसतं. पण पेटीच्या तळाशी डिस्चार्ज बुक असतं, एखादं मेडल असतं, पेन्शनचा कागद असतो. त्यांतल्या नोंदी तुटक आणि इंग्रजी आद्याक्षरांनी भरलेल्या असल्या, तरी क्रमानं वाचल्या की माणसाची सगळी नोकरी उलगडत जाते.

आधी नंबर

फौजेत माणूस नंबरानं ओळखला जातो. एका पलटणीत एकाच नावाचे अनेक जण असत आणि कारकून कानावर पडेल तसं नाव इंग्रजीत लिहीत, पुष्कळदा आडनावाशिवाय. त्यामुळे शोध नंबरापासूनच सुरू करावा. तो डिस्चार्ज बुकात आणि पेन्शन पेमेंट ऑर्डरवर, म्हणजे पीपीओवर असतो. आजीला फॅमिली पेन्शन मिळत असेल तर तिच्या कागदांतही सापडेल. स्वातंत्र्यानंतरच्या मेडलवर नंबर आणि नाव कडेला कोरलेलं असतं. भिंग घेऊन पाहावं.

स्वातंत्र्यानंतरच्या सात आकडी नंबरावरून रेजिमेंटचाही अंदाज येतो. २७ नं सुरू होणारा नंबर मराठा लाइट इन्फंट्रीचा, ४५ नं सुरू होणारा महार रेजिमेंटचा. पुढे सुभेदारीच्या हुद्द्यांवर गेलेल्याला "जेसी"नं सुरू होणारा नवा नंबर मिळतो. म्हणून दोन नंबर दिसले तर लगेच दोन माणसं समजू नयेत.

गाव तेच, पत्ता बदललेला

भरतीच्या वेळचा मुख्य कागद म्हणजे शीट रोल. त्यात वडिलांचं नाव, जात, गाव, पोस्ट, तहसील, जिल्हा, उंची, अंगावरची खूण अशी माहिती असते. हिवरखेडच्या माणसानं इथं जास्त काळजी घ्यावी. एक हिवरखेड अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात आहे, दुसरं अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात. इंग्रजीत कुणी "व्ही" लिहितो, कुणी "डब्ल्यू". गावाच्या नावावर न थांबता पोस्ट आणि तहसील पाहिल्याशिवाय खात्री होत नाही.

तेल्हारा वेगळा तालुका होण्याआधी तिथलं हिवरखेड अकोट तालुक्यात होतं. म्हणून १९४२ च्या कागदावर तहसील अकोट असेल तर ते बरोबरच आहे. प्रांताचंही तसंच. १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. लांब नोकरी केलेल्या एकाच शिपायाच्या कागदांवर ही चारही नावं येऊ शकतात. जवळच्या रेल्वे स्टेशनचा रकानाही त्या काळाच्या नकाशावर वाचावा, कारण खंडवा-हिंगोली मीटरगेज मार्ग पूर्ण झाला तो स्वातंत्र्यानंतर.

भरतीच्या वेळी वय पुष्कळदा अंदाजानं लिहिलं जाई. तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची नक्कल मिळाली तर ती शेजारी ठेवून पाहावी.

नोंदींची उकल

आतल्या पानांवर "टीओएस" म्हणजे त्या तारखेपासून युनिटच्या हजेरीपटावर घेतलं आणि "एसओएस" म्हणजे पटावरून कमी केलं. बदली, बढती, रजा, लग्न, मुलाचा जन्म यांच्या नोंदी "पार्ट टू ऑर्डर"च्या आधारानं होतात. एक कोरा कागद घ्या आणि डावीकडे तारीख, मध्ये युनिट, उजवीकडे हुद्दा असं सगळं क्रमानं उतरवा. कोणत्या काळाची नोंदच नाही, हे तेव्हाच लक्षात येतं.

जमादार या हुद्द्याला १९६५ पासून नायब सुभेदार म्हणतात, हेही ध्यानात असू द्यावं. शेवटी डिस्चार्जचं कारण वाचावं. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि युद्ध संपताच ती झपाट्यानं कमी केली गेली. आजोबा १९४६ मध्ये घरी आले असतील तर एवढ्यावरून त्यांचं काही चुकलं असं समजू नये.

मेडल काय सांगतं

वॉर मेडल १९३९-४५ साठी २८ दिवसांची नोकरी पुरे होती. ते मेडल आहे म्हणून आजोबा आघाडीवर होते, असं ठरत नाही. बर्मा स्टार मात्र ब्रह्मदेशाच्या मोहिमेतल्या सेवेचा आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला नोकरीत असलेल्यांना स्वातंत्र्य मेडल मिळालं. १९७१ च्या युद्धाचे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार कोणत्या सीमेवर होते ते सांगतात.

पत्र कुठं लिहावं

जवानांचे कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली, दुसरी १९४२ मध्ये आपल्या विदर्भातल्या कामठीला. जुन्या कागदावर कामठी दिसलं तरी या रेजिमेंटचं केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे, तेव्हा पत्र तिकडे जायला हवं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे.

अर्जात नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, तेव्हाचा आणि आताचा पत्ता लिहावा. नात्याचा पुरावा जोडावा. अकोला आणि अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांची यात मदत होते. दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारातही अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

पेन्शन नसलेल्यांचे सेवा-कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट केले जातात. "कागद नाहीत" असं उत्तर आलं तरी खचून जाऊ नये. लाँग रोल ही थोडक्या नोंदींची यादी कायम जपली जाते; तिचा उतारा मागावा. आजोबा महायुद्धात वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव शोधावं. तिथं काही नावांपुढे वडिलांचं नाव आणि गावही असतं.

युनिट आणि तारखा हाती आल्या की त्या पलटणीची युद्ध-दैनंदिनी किंवा रेजिमेंटचा इतिहास उघडावा. पलटण त्या महिन्यात कुठं होती ते तिथं कळेल, पण आजोबा तेव्हा रजेवर किंवा दवाखान्यातही असू शकतात. म्हणून वहीत दोन बाजू ठेवा: कागदानं सिद्ध झालेलं एकीकडे, घरात सांगितलेलं दुसरीकडे. या बाजूचं त्या बाजूला पुराव्याशिवाय नेऊ नका. ज्या माणसानं तरुण वय फौजेत घालवलं, त्याच्या नावावर न घडलेला पराक्रम चढवण्याची गरज नाही. त्याची खरी नोकरी तारीखवार लिहून नातवंडांच्या हाती देणं, हाच त्याचा मान आहे.