रक्ताची उलटी होण्याआधी

१९ एप्रिलचा जागतिक यकृत दिन आला की फॅटी लिव्हर, दारू आणि काढे यांवर मजकुराचा पूर येतो. तो तुम्ही वाचला असेलच. सिरोसिसच्या रुग्णाला पुष्कळदा अचानक गाठते ती रक्ताची उलटी, आणि तिच्याविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही.

सिरोसिसमध्ये यकृत निबर झाले की आतड्यांकडून येणारे रक्त त्यातून नीट पुढे सरकत नाही. दाब वाढतो, रक्त आडवाटा धरते आणि अन्ननलिकेतल्या, जठरातल्या शिरा फुगतात. अन्ननलिकेतल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी बँड घालता येतो. जठराच्या वरच्या भागातल्या शिरा फुटतात कमी वेळा, पण फुटल्या की सहज आवरत नाहीत.

या शिरांची आज जगभर वापरली जाणारी वर्गवारी आपल्याच देशातली, दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांची. त्यांच्याच चमूने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी पाहा. जठरात मोठ्या शिरा, पण त्यांतून एकदाही रक्तस्राव नाही, असे ८९ रुग्ण. काहींच्या शिरेत सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्याच कुळातला गोंद टोचला, काहींना बीटा-ब्लॉकर, म्हणजे शिरांतला दाब कमी करणारी गोळी दिली, उरलेल्यांवर नुसती नजर ठेवली. सुमारे २६ महिन्यांत रक्तस्रावाचे प्रमाण अनुक्रमे १३, २८ आणि ४५ टक्के!

आकडे पाहून गोंदाच्या प्रेमात पडावेसे वाटते. पण चाचणी लहान, गोळीच्या तुलनेत जीव जास्त वाचले असेही ठरले नाही, आणि गोंद निसटून फुप्फुसात गेला तर दुसरेच संकट. म्हणून सरसकट गोंद नको, आधी गोळी, हे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे मत मला पटते. मात्र ती गोळीही मनाने घेऊ नये, दमा किंवा कमी रक्तदाब असेल तर मुळीच नाही.

पण गोळी असो की गोंद, आधी दुर्बिणीने शिरा पाहाव्या लागतात, आणि अडते तिथेच. मध्य प्रदेशातल्या पीथमपुरात सिप्ला, लुपिन, इप्का यांचे औषधांचे कारखाने आहेत आणि इंदूर तिथून जेमतेम तीस किलोमीटर. तरीही कारखान्यातला माणूस दुर्बिणीपर्यंत पोचतो तो बहुधा उलटी झाल्यावर, कारण तोवर काहीच दुखत नाही.

घरात कुणाला सिरोसिस असेल आणि प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढे विचाराच: दुर्बिणीने जठराच्या शिरा पाहिल्या आहेत का?